नुसतो हात लावणारे

मी शिकवायला आलो तो दमलो म्हणून. निरोपाच्या समारंभात आमच्या वरिष्ठांनी भाषण ठोकलं, की हे गृहस्थ आता नव्या पिढीला घडवायला निघालेत. कसलं घडवणं आणि कसलं काय! मला कुणालाही घडवायचं नव्हतं. सकाळी जाग आल्यावर छातीवर दगड नको होता, एवढंच.

तीस वर्षं मी साबण विकला. म्हणजे पंचवीस वर्षं साबण विकला आणि शेवटची पाच वर्षं माणसं कमी केली. कंपनीत त्याला ‘वितरण सुटसुटीत करणे’ म्हणायचे. एकेका जिल्ह्याच्या डेपोवर जायचं, चहा प्यायचा, राबतो कोण आणि नुसता बसून असतो कोण याची यादी करायची आणि बसलेल्यांवर रेघ मारायची. या कामात माझा हात फार साफ होता. मग एका मीटिंगमध्ये बोलता बोलता मी गप्प झालो. पुढचं वाक्यच येईना. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, तुम्हाला काहीही झालेलं नाही, तुम्ही थकलाय.

त्याच सुमारास विद्यापीठाच्या सिंधुदुर्गातल्या उपकेंद्रात उद्योजकता शिकवायला ‘प्रत्यक्ष अनुभव असलेला’ माणूस हवा होता. माझे वडील कुडाळकडचे. मला मालवणी कळते, बोलायला गेलो तर समोरचा तोंड फिरवून हसतो. बायकोची नोकरी ठाण्यात, ती तिथेच राहिली. निघताना म्हणाली, “वर्षभर टिकलास तर देवाला नारळ देईन.” मी मालवणच्या अलीकडे समुद्राकाठच्या एका गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि रोज गाडीने उपकेंद्रात जायला लागलो.

तिथे माझा थकवा जाईल असं वाटलं होतं. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय. हजेरी, अहवाल, अहवालाला जोडायचे फोटो, फोटोखालच्या ओळी. वर्गात अठ्ठावीस मुलं, त्यातली निम्मी हजेरीपुरती. पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत विचारलं, “धंदा कुणाला करायचाय?” सगळे वह्यांत बघू लागले. शेवटी बांद्याकडचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, माका नोकरी व्हयी.” वर्ग हसला, मीही हसलो. घरी येऊन बूटही न काढता आडवा झालो.

प्रश्न विचारणारी एकच मुलगी होती. तिसऱ्या बाकावर बसायची आणि तिचं प्रत्येक वाक्य “पण सर” असं सुरू व्हायचं. माझ्याच गावातली, समुद्राला लागून असलेल्या वाडीतली. तिच्या वडिलांची रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते, दोन टोकांचे दोर वाळूवर येतात आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं लागून ते ओढत बसतात, दोन दोन तास. पाच-दहा जणांचं हे कामच नव्हे, चाळीस तरी हात लागतात.

आणि हात दर हंगामाला कमी होत चालले होते. वाडीतले तरुण कोणी गोव्याला हॉटेलात, कोणी पर्यटकांना पाण्याखाली मासे दाखवायच्या बोटीवर. मोठ्या यांत्रिक बोटी बाहेरच्या बाहेर मासळी उचलून न्यायच्या, किनाऱ्याला यायची ती उरलीसुरली. त्यातच एका नव्या हॉटेलवाल्याने तिच्या वडिलांकडे जाळ्याला मागणी घातली होती. मासे धरायला नव्हे, जेवणाच्या दालनात छताला टांगायला! वर जाळं, मधे दिवे, खाली पर्यटक सोलकढी पिणार. हे मला तिनेच सांगितलं. “बाबा नको म्हणतात,” ती म्हणाली, “पण या हंगामात माणसं टिकली नाहीत तर देऊन टाकतील. सर, मला माझ्या प्रकल्पात हेच करायचंय. रापण टिकवायची.”

इथे आल्यापासून मला भेटलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. मी खुर्चीत ताठ बसलो.

रापण मी आधी पाहिली होती. विद्यापीठाची तपासणी समिती येणार म्हणून ‘क्षेत्रभेटी’चा फोटो हवा होता, तेव्हा एका रविवारी मुलांना घेऊन मी किनाऱ्यावर गेलो आणि दोर धरून उभा राहिलो. फोटो झाला तरी मी दोर सोडला नाही. का कोण जाणे, बरं वाटलं. पुढचा माणूस ओढत होता, मागचा ओढत होता, मधल्या मला काही ठरवावं लागत नव्हतं. मग दर रविवारी सकाळी फिरायला म्हणून जायचो आणि दहा-पंधरा मिनिटं दोराला लोंबकळायचो. ओढण्यापेक्षा लोंबकळायचोच. तळहात सोलले की सोडून द्यायचो आणि चहाला घरी यायचो. जाळं वाळूवर येताना मी कधीच पाहिलं नाही, कारण तोवर माझी आंघोळ चाललेली असायची.

आणि दर रविवारी दुपारी दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली असायची. कधी सहा-सात बांगडे, कधी मूठभर तारली, एकदा दोन कुर्ल्या, जिवंत, नांग्या हलवणाऱ्या. पिशवी त्या मुलीची, वर्गात तिच्या खांद्याला असायची तीच. मी समजायचं ते समजलो. सोमवारी तिला बाजूला बोलावलं आणि चांगलं खडसावलं, “हे बघ, असल्या भेटींनी मार्क वाढत नाहीत माझ्याकडे.” तिचा चेहरा पडला. “तसा नाय, सर,” एवढंच म्हणाली, वर्गात कधी न बोलायची त्या मालवणीत. पुढच्या रविवारी पिशवी पुन्हा कडीला. मी पुन्हा ओरडलो नाही. घरमालकीण काकी तिरफळं घालून बांगड्यांचं असं तिखलं करायच्या, की तत्त्वं वगैरे बाजूला राहायची. खोटं कशाला बोलू!

दिवाळीच्या आधी तिने प्रकल्पाचं पहिलं टिपण आणलं. महिनाभर तिने किनाऱ्यावर उभं राहून दोराला कोण लागतं, किती वेळ लागतं आणि शेवटी मासळीचा वाटा कोण नेतं हे लिहून काढलं होतं. असं काम माझ्या हाताखालच्या एमबीएवाल्यांनी कधी केलं नाही. शेवटच्या पानावर तिने तीन गट पाडले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत ओढणारे, सव्वीस. अर्ध्यात येणारे, नऊ. आणि तिसऱ्या गटाला तिने वाडीतलाच शब्द दिला होता: नुसतो हात लावणारे, अकरा.

“हे अकरा काय करतात?” मी विचारलं.

“हात लावतात.”

“आणि वाटा?”

“मिळतो. लहान असतो, पण मिळतो. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, उरलेला दोराचा. दोराला हात लावला त्याला वाटा. पहिल्यापासून असंच आहे.”

माझ्या अंगात तीस वर्षांचं जे काही मुरलं होतं ते सगळं एकदम जागं झालं. मी तिला फळ्यावर समजावलं. ओढणाऱ्या सव्वीस जणांच्या तोंडचा घास हे अकरा खातात. म्हणून ओढणाऱ्याला वाटा पुरत नाही, म्हणून तो गोव्याला जातो. राबणाऱ्याचा वाटा वाढव, तो टिकेल. गळती बंद कर. मग मी तिच्याच पेनाने त्या तिसऱ्या गटावर रेघ मारली. किती दिवसांनी मारली होती! हात अजून साफ होता.

ती कागदाकडे बघत राहिली. “अकराही, सर?”

“अकराही.”

“सगळे?”

“अगं, एकाला सूट दिलीस की संपलं. नियम म्हणजे नियम.”

या वेळी ती “पण सर” म्हणाली नाही. कागद घडी करून पिशवीत ठेवला.

तिच्या वडिलांनी ऐकलं ही मला मोठी नवलाची गोष्ट वाटली. आमच्या घरी मी बायकोला पंखा कुठे लावायचा हे पटवू शकलो नाही. पण लेकीबद्दल तो माणूस म्हणे एवढंच बोलला, “चेडू शिकलेला आसा, सर शिकलेले आसत. बघूया करून.” दिवाळीनंतर नियम लागू झाला. जाळं वर येईपर्यंत जो ओढत राहील त्यालाच वाटा.

पहिल्या दोन रविवारी झकास चाललं. मी नेहमीप्रमाणे दोराला हात लावायला गेलो तर ती धावत आली. “रवांदे सर, तुमी दमतल्यात.” मला बरंच वाटलं. लेक बापाची काळजी घेते तसं काहीतरी वाटून मी बाजूला उभा राहिलो आणि बघत राहिलो. त्या दुपारी कडीला पिशवी नव्हती. चला, पोरीला एकदाची समज आली, मी काकींना म्हणालो. काकींनी डाळ वाढली.

तिसऱ्या रविवारी माणसं कमी. चौथ्या रविवारी आणखी कमी. भांडण नाही, तंटा नाही, कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. ती सकाळी वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकायची, “रापण टाकतंव, येवा.” आणि सगळ्यांचं एकच उत्तर यायचं, “येतंय.” वाटेत भेटला तो म्हणायचा, “येतंय हां.” आणि यायचं कोणी नाही. मी तिला धीर द्यायचो, की बदलाच्या सुरुवातीला असं होतंच, तग धरायचा. कंपनीत असं मी शेकड्याने लोकांना सांगितलंय. सांगताना काही लागत नाही.

मग तो रविवार आला. पाण्यावर तारलीचा एवढा मोठा थवा, की माझ्यासारख्याच्याही नजरेला पाण्याचा रंग वेगळा दिसला. होडीने जाळं टाकलं. दोर वाळूवर आले. एका बाजूला अकरा माणसं, दुसऱ्या बाजूला सात. ती सातांत होती, सलवार गुडघ्यापर्यंत खोचून. वाळूच्या वरच्या अंगाला माडाखाली वाडीतली आणखी वीस-पंचवीस माणसं उभी होती. हाताची घडी घालून, शांतपणे बघत. मी धावलो आणि दोराला लागलो. या वेळी रवांदे म्हणायला तिला सवड नव्हती.

सात आणि एक आठ. आमची बाजू हलेना, पलीकडची येत गेली आणि पाण्याची ओढ होती त्या अंगाला जाळं तिरकं होत पाण्यातल्या खडपावर, खडकांवर गेलं. दोर एकदम जड झाला, मग एकदम हलका. “सोडा रे, दोर सोडा!” तिचे वडील ओरडले. जाळं मधोमध फाटलं होतं. तारलीचा तो थवा आमच्या डोळ्यांदेखत निघून गेला. माडाखालचा एक म्हातारा “अरे अरे अरे” म्हणाला, आणि लोक पांगले. मी ओल्या वाळूवर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही.

ती त्या आठवड्यात वर्गात आली नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. मी दोनदा फोन केला. उत्तर आलं, “येतंय, सर.” तेव्हा मला घाम फुटला.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. तिचे वडील ओटीवर फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसले होते, पण हातात सुई नव्हती. “बसा, सरांनू. चाय घेवा.” एवढ्यावरही चहा! शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. हॉटेलवाला सकाळीच येऊन गेला होता म्हणे. फाटलेलं असलं तरी चालेल म्हणाला, छताला तर लावायचं. ती आतून चहा घेऊन आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. रडून डोळे सुजले होते.

“माझं चुकलं कुठे?” मी विचारलं. तिला विचारलं की तिच्या वडिलांना, मलाही कळलं नाही.

ती बोलायला लागली, आणि या वेळी मालवणीतच बोलली. त्या अकरांत एक विधवा बाई होती. ती दोराला दोन बोटं लावायची, पण तिचे दोन मुलगे पहिल्यापासून शेवटपर्यंत ओढायचे. आई वाटा न घेता रिकामी परतली त्या दिवसापासून त्यांना कुठली तरी दुसरी कामं निघाली. पायाने अधू असलेला एक, त्याचे तिघे पुतणे. बंदराकडचे एक चाचा, दुबईत जन्म काढून आलेले, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांना हाताला धरून आणणारा जावई आणि त्याचे दोस्त. तिने एकेक सांगितला. प्रत्येकामागे कोण कोण होतं ते सांगितलं. ओढणारे सव्वीस जण आकाशातून पडत नव्हते, या अकरांच्या घरांतूनच येत होते.

“जेणां दोराक हात लावल्यान, तेका वाटो,” तिचे वडील म्हणाले. “वाटो मासळेचो नाय, सरांनू. उद्या तेणां येवचा म्हणान.” मग लेकीकडे बघून म्हणाले, “चेडवाचा काय चुकला नाय.” माझं चुकलं असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

मी मनात मोजत होतो. जन्माची सवय. “हे तर दहा झाले,” मी म्हणालो. “अकरावा कोण?”

वडिलांनी मान खाली घालून जाळ्याचं एक भोक बोटाने चाचपलं.

“कोण गं?”

“सर,” ती म्हणाली, “अकरावे तुमी.”

चहा माझ्या हातातच होता. मी तो प्यायलो की नाही, मला आठवत नाही. कडीला अडकवलेली पिशवी आठवली, दर रविवारची. बांगडे मला भेट म्हणून येत नव्हते. मी लोंबकळून निघून जात होतो आणि माझ्या पाठीमागे ही माणसं वाळूवर माझा वाटा काढून ठेवत होती. आणि तिने लाच दिल्यासारखं मी तिला झापलं होतं. “अकराही, सर?” तिने दोनदा विचारलं होतं. मी माझ्याच पोटावर रेघ मारली आणि ती बिचारी गप्प राहिली, कारण नियम म्हणजे नियम. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं.

पुढचा आठवडा मी दहा घरं फिरलो. तीस वर्षं पोरांना दारोदार फिरवलं, स्वतः दार वाजवायची वेळ म्हातारपणी आली. माझ्या मोडक्यातोडक्या मालवणीत प्रत्येकाला एकच सांगितलं, चूक माझी, चेडवाची नाही, नियम मागे घेतला, रविवारी या. विधवा बाईंनी पाणी दिलं. चाचांनी माझा हात धरून ठेवला आणि दुबईचा उन्हाळा सांगितला. आणि सगळे म्हणाले, “येतंय.” दहाच्या दहा. ते ‘येतंय’ खरं की नेहमीचं, मला कसं कळणार? घरी येऊन पडायचो तर झोप लागायची नाही, इतका दमलेला असायचो. माझ्या मागोमाग ओटीवर जाळं शिवणं सुरू झालं होतं, एवढं मात्र काकींनी सांगितलं.

“हॉटेलवाल्याला काय कळवलंत?” मी तिच्या वडिलांना विचारलं.

“देतंय म्हणान सांगलंय,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

तीन रविवार गेले तेव्हा जाळं पाण्यात जाण्याजोगं झालं. मी उजाडायच्या आधी किनाऱ्यावर जाऊन बसलो. कोणी नव्हतं. मग माडांतून चाचा आले, जावयाच्या खांद्यावर हात ठेवून. मग विधवा बाई, मागे दोन मुलगे. मग एकेक करत माणसं येत गेली. सगळी आली नाहीत. मी मोजायला लागलो आणि मधेच थांबलो.

मी शेवटपर्यंत ओढलं. खोटं सांगतो, शेवटपर्यंत लोंबकळलो. तळहातांची सालं गेली, कंबर धरली, एकदा तर तोंडावर आपटलो आणि अधू पायाच्या माणसाने मला उठवलं. जाळं वर आलं त्यात फार काही नव्हतं. थोडी तारली, चार बांगडे, पुष्कळ शेवाळ. तिच्या वडिलांनी वाळूवर वाटे घालायला सुरुवात केली. जाळ्याचा, होडीचा, मग दोराचे एकेक. मी हे पहिल्यांदाच बघत होतो. कोणी घाई करत नव्हतं, कोणी दुसऱ्याच्या वाट्याकडे बघत नव्हतं. चाचांच्या पायाशी मूठभर तारली आली. विधवा बाईंच्या पायाशी आली. मग तिचे वडील माझ्यासमोर वाकले आणि पाच तारली आणि एक लहानशी कुर्ली वाळूवर ठेवली.

“पिशवी हाडल्यात काय, सर?” ती म्हणाली.

मी पिशवी आणली नव्हती.